डावीकडचं शून्य

तुम्हाला म्हणून सांगतो, एम.एस्सी.ला असताना मी विद्यापीठातल्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावलं होतं. विषय, कापरेकर स्थिरांक. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली ही गंमत. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठीतून धाकटी वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ दारात हजर. मास्तरांनी जे कागद-पेन्सिलीवर केलं ते मी संगणकावर करणार होतो. गाईड मॅडम नुसतं “बरं” म्हणाल्या. ते मी कौतुक समजलो.

स्कूटरचा नंबर, बाबांचं जन्मसाल, आईच्या एटीएमचा पिन (तिला न विचारता) असं सगळं टाकून पाहिलं; सगळं सुखरूप ६१७४ला पोचलं. मग स्पर्धेच्या दिवशी मामेभावाचा बोटांपर्यंत येणारा ब्लेझर चढवून, वाढदिवसाचे फलक छापणाऱ्याकडून आणलेला आणि त्याने हाताच्या सवयीने खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून माझंच नाव टाकलेला फ्लेक्स सेलोटेपने भिंतीला चिकटवत, तो सुटला की खांद्याने दाबत, चार्जरसाठी हॉलमधला एकमेव टेबलफॅन बंद करून सगळ्यांचे शिव्याशाप घेत मी घामाघूम उभा होतो, तोच परीक्षक सर आले. “टाका बरं २१११.”

टाकली. आलं ९९९. मग शून्य. मग आणखी शून्य. ६१७४ आल्याशिवाय थांबायचं नाही, अशी प्रोग्रॅमला मीच ताकीद दिलेली. त्यामुळे ते गुणी बाळ पडदाभर शून्यं ओतत राहिलं आणि शेजारच्या पोस्टरांवरची मुलं आपापली गिऱ्हाइकं सोडून बघायला आली.

“शून्याचा शोध आपल्याकडे आधीच लागलाय,” सर म्हणाले. मग माझ्याच गोषवाऱ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं, ०९९९. “चार अंक म्हणजे चार. पुढचं शून्य कुठे टाकलंत?”

डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे आमच्या बाबांनी पाढ्यांबरोबर घोटून घेतलेलं. पण ते सरांना कसं सांगणार? तोवर त्यांनी ९९९०मधून ०९९९ वजा करून ८९९१ काढले, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. एकूण पाच वजाबाक्या. माझा प्रोग्रॅम अजून चालूच होता.

संध्याकाळी सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. क्रमांक ००३१. ऑफिसातल्या क्लार्कने पुढची दोन्ही शून्यं ठसठशीत लिहिली होती.