माळढोक आणि चिमणी

पर्यावरण आघात अहवालात ‘पर्यायांचे विश्लेषण’ नावाचं एक प्रकरण असतं. 2006 च्या अधिसूचनेतल्या आराखड्यात त्याला मानाचं पान आहे. जागा क्रमांक एक, दोन, तीन, प्रत्येकीला गुण. आणि कन्सल्टंटची फी भरणाऱ्याला जी आवडली तीच बहुधा पहिली येते. साखरपुडा उरकल्यावर इतर स्थळं बघायला जावं, तसला प्रकार.

सोलापुरात विमानतळासाठी निदान दोन खरेखुरे पर्याय होते. होटगी रोडची जुनी धावपट्टी, पण वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची सुमारे 90 मीटरची चिमणी. नाहीतर बोरामणीचा मोकळा माळ. बोरामणीत सुमारे 550 हेक्टर जमीन घेऊनही झाली आणि मग वनजमिनीचा तुकडा आडवा आला, त्यापाठोपाठ माळढोक. खरं तर या पाहुण्याचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता? नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य 1979 चं. कागदावर ते एवढं पसरलं होतं, 8,496 चौरस किलोमीटर, की पुढे कापून 1,222 करावं लागलं. माळरानावर माळढोक दिसला तर आता बातमी होते, फायलीत मात्र तो रोज दिसतो. ज्या जिल्ह्यात माळढोकापायी जमिनींचे व्यवहार वर्षानुवर्षं अडले, तिथे जागा ठरवणाऱ्यांना तेवढा तो आठवला नाही! आधी वन्यजीवांची परवानगी, मग भूसंपादन, हा क्रम लावायला तज्ज्ञ समिती लागते?

मग होटगी रोड. महापालिकेनं चिमणी बेकायदा ठरवली, कारखान्यानं कोर्टकज्जे केले, आंदोलनं झाली, आणि 15 जून 2023 रोजी पोलीस बंदोबस्तात ती पाडली. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं. शहर खूश, मीही. बेकायदा बांधकामाची कड मी घेणार नाही. पण पर्यायांची तुलना झाली ती एवढीच: चिमणीला सुरुंग लावता येतो, अभयारण्याला लावता येत नाही. उद्या मोठी विमानं हवी झाली, तर शहरानं वेढलेली ही धावपट्टी कुठे वाढवायची आणि आवाज कोणाच्या गच्चीवरून न्यायचा, हा रकाना कोणी भरला?

बोरामणीचाही एक रकाना राहिलाय. तिथे अजून एकही विमान उतरलेलं नाही. नको ठरलेल्या पर्यायासाठी ज्यांची शेतं गेली, त्यांचा आघात कुठल्या परिशिष्टात मोजायचा?