समुद्राला मिळालेलं पाणी वाया कसं?

नदी समुद्राला मिळाली म्हणजे तिचं पाणी वाया गेलं, असं म्हणणाऱ्याने गोव्यातली मांडवीकाठची खाजन शेती, म्हणजे खारं पाणी बांधांनी अडवून केलेली शेती, एकदा बघून यावी.

म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यात उगम पावते, गोव्यात शिरते, पुढे मांडवी म्हणून पणजीपाशी समुद्राला मिळते. भरतीचं खारं पाणी रोज नदीतून वर चढतं. त्याला मागे रेटतं ते वरून येणारं गोडं पाणी. ते आटलं की खार आणखी आत येणार. टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) तक्त्यात या कामाला रकानाच नाही.

कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा हे म्हादईचे नाले वळवून मलप्रभा नदीत सोडायचे आहेत. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं, हे कारण. तहानलेल्याला नाही कोण म्हणेल? पण मलप्रभेच्या खोऱ्यात ऊस उभा आहे.

तो किती पितो, हे आधी सांगा.

म्हादई पाणीतंटा लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं. त्यातलं ८.०२ विजेसाठी, खोऱ्याबाहेर न्यायला ३.९. एवढ्याशाने काय होतं, असं विचारलं जातं. म्हादई पावसावर जगणारी नदी आहे. वर्षाची बेरीज जुलैत भरते. मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या माणसाने ती बेरीज प्यायची का?

गोव्याच्या हाती कायदा भक्कम आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारा किंवा तिथून जाणारा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवता येत नाही. त्याच आधारावर जानेवारी २०२३ मध्ये गोव्याने कर्नाटकाला नोटीस धाडली. शाब्बास! त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने म्हादई परिसरात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, तर गोवा सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं.

जंगलाचं पाणी हवं, वाघ नको. हे कसं चालेल?

महाराष्ट्रानेही लांबून तमाशा बघू नये. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी आपण विजेसाठी पश्चिमेला उतरवतो आणि कोकणातलं पाणी उपसून पूर्वेला न्यायच्या योजना आखतो. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं जातं: विकास.

खोऱ्याबाहेर पाणी नेण्याला लगाम घालता येतो. अमेरिकेत पंचमहासरोवरांभोवतीच्या आठ राज्यांनी तसा करार केला. २००८ पासून तो कायदा आहे: खोऱ्याबाहेर पाणी न्यायला बंदी, अपवाद मोजकेच. विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा शहराच्या विहिरींत रेडियम निघालं. त्या शहराला २०१६ मध्ये मिशिगन सरोवराचं पाणी मंजूर झालं, पण वापरलेलं पाणी शुद्ध करून खोऱ्यात परत सोडण्याच्या अटीवर.

म्हादईचं पाणी परत कसं येणार? मलप्रभेत पडलेला थेंब कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. पाणी तिथेही समुद्रालाच मिळतं, पण त्याला कोणी ‘वाया’ म्हणत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मलप्रभेच्या लाभक्षेत्रात कोणतं पीक किती पाणी घेतं आणि हुबळी-धारवाडच्या नळांतून किती गळतं, हे आकडे आधी जाहीर करा. कळसा वळवण्यासाठी कणकुंबीला कालवे खणायला निघण्याआधीच हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही, तर आता विचारा.