अंतःपुराची शिफारस करणाऱ्यांस काही सूचना

‘द अपोथेकरी डायरीज’ नामक जपानी चित्रमालिकेचे उपलब्ध असलेले सर्व भाग पाहून संपले, की घरातील तरुण माणसाच्या मुद्रेवर जी सुतकी कळा पसरते, ती ज्या गृहस्थाने जवळून पाहिली आहे आणि ‘आता असंच दुसरं काही सांगा’ असा तोंडी अर्ज ज्याच्यापुढे दाखल झाला आहे, त्याच्यासाठीच पुढील सूचना आहेत. इतर वाशीमकरांनी खुशाल सोयाबीनच्या भावाची चौकशी करावी.

प्रथम अर्जदाराची जबानी घ्यावी. माओमाओ ही औषधे जाणणारी मुलगी पळवून नेऊन बादशहाच्या अंतःपुरात विकली जाते, राजकुलातील तान्ह्या मुलांना ग्रासणारा तो शाप नसून चेहऱ्यास फासण्याची विषारी पांढरी भुकटी आहे हे ओळखते, आणि एवढ्या हुशारीचे बक्षीस म्हणून तिला राजपत्नीच्या ताटातील पहिला घास चाखण्याच्या जागेवर नेमणूक मिळते. आता या प्रकरणात अर्जदारास नेमके काय भावले, विष, पडद्यामागील मसलत, की जिन्शी नामक लावण्यवान अधिकाऱ्याकडे गोगलगाय पाहावी तशा नजरेने पाहण्याचे त्या मुलीचे धैर्य, याचा खुलासा झाल्याखेरीज शिफारस करू नये. कारण ‘असंच’ या शब्दाचा अर्थ तो उच्चारणाऱ्यासही ठाऊक नसतो, आणि जिन्शीसाठी आलेल्या अर्जदारास महसुलाचे राजकारण दिले तर तो तिसऱ्या भागास झोपी जातो, असा माझा अनुभव आहे.

दरबार हवा, पण कष्टाळू मुलीचा हवा असे निष्पन्न झाल्यास २००६ साली सुरू झालेली ‘सायउनकोकू मोनोगातारी’ द्यावी. हिची नायिका, नावाला उमराव पण घरात तांदळाची चणचण असलेल्या कुळातील शूरेइ, तरुण राजाची शिकवणी करण्यासाठी राजवाड्यात शिरते व पुढे शासकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन पहिली स्त्री-अधिकारी होते. भाग अठ्ठ्याहत्तर आहेत. मात्र ज्या घरात राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा निकाल नुकताच विपरीत लागला असेल, तेथे ही मालिका उघडण्यापूर्वी वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

मंत्रतंत्राची ओढ असणाऱ्यास ‘रेव्हन ऑफ द इनर पॅलेस’ पावसाळ्यात, शक्यतो दिवे गेलेल्या रात्री द्यावी. अंतःपुरात राहूनही राजाची शय्या न पाहणारी ती काकपत्नी तेरा भागांत आटोपते, त्यामुळे मोबाइलची बॅटरीही पुरते. ‘योना ऑफ द डॉन’ची प्रस्तावना करण्याचे तर कारणच नाही. सोळाव्या वाढदिवसाच्या रात्री राजकन्येच्या बापास तिचाच चुलतभाऊ ठार करतो, हे ऐकून ज्या वऱ्हाडात १७७५ साली पाचगावच्या रणात मुधोजी भोसल्यांनी सावत्र भाऊ साबाजी यांस गोळी घातल्याची आठवण आहे, आणि सातबाऱ्यावरील सामाईक नावांवरून आजही दोन भाऊ एका पंगतीस बसत नाहीत, तेथील प्रेक्षक दचकत नाही. तो फक्त बांध कोणाचा होता एवढे विचारतो.

येथवर सामान्य शिफारसकर्ता पोहोचतो. निष्णाताने आता आवाज किंचित खाली आणून, ‘एक आपल्या गावचीही आहे’, असे म्हणावे. अर्जदार हसेल. हसू द्यावे; त्याला १९३९ साली वाशीमात सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटाची हकिकत सांगावी, ज्याची सनद वत्सगुल्माहून सुटली आहे, आणि वत्सगुल्म म्हणजे जेथे आपण चहा पीत बसलो आहोत तेच वाकाटकांचे राजनगर, हे त्याच्या गळी उतरवून मगच राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’ काढावी.

हे सबंध नाटक प्राकृतात आहे आणि वयाने हजार वर्षांहून मोठे आहे, ही गोष्ट मात्र शेवटपर्यंत लपवावी. चंडपाल राजाच्या दरबारात भैरवानंद नामक मद्यप्रिय मांत्रिक येतो. ‘काही चमत्कार दाखवा’ म्हणताच विदूषक विदर्भातील या नगरीत पाहिलेल्या एका कन्येचे नाव घेतो, आणि मांत्रिक तिला स्नान करता करता उचलून, ओल्या वस्त्रांनिशी, भर दरबारात आणून उभी करतो. ती निघते राणीच्या मावशीची मुलगी! राणी कौतुकाने पंधरा दिवस ठेवून घेते, मग राजाची नजर ओळखून पहाऱ्यात ठेवते. पहाऱ्याखालून उद्यानापर्यंत भुयार निघते. ते राणी बुजवून टाकते. आणि इतका बंदोबस्त करूनही ती बिचारी त्याच मांत्रिकाची दीक्षा घेते. गुरुदक्षिणा म्हणून तो मागतो काय, तर लाटदेशीच्या घनसारमंजरीशी राजाचे लग्न लावून दे, म्हणजे तुझा पती चक्रवर्ती होईल. चामुंडेच्या देवळात मांडव पडतो. वधू पाहून राणीला शंका येते, ती बंदिनीच्या दालनाकडे धावते, तर कर्पूरमंजरी तेथे शांतपणे बसलेली. परत येते, तर वधू देवळात बसलेली. देवळापासून दालनापर्यंत दुसरे भुयार आहे, हे राणीस ठाऊक नाही. घनसार म्हणजे कापूरच, हे तिला ठाऊक असूनही सुचत नाही.

माझ्या भाचीच्या मुलीने या ठिकाणी मोबाइल उपडा ठेवला आणि विचारले, “मंग आजोबा, राणीले कयलं का नाही?”

अशा वेळी शिफारसकर्त्याने पानाचा डबा उघडावा, सुपारी कातरण्यास घ्यावी, आणि चुन्याची डबी आणण्यास अर्जदारासच आत पाठवावे.