कुलुपांची सेवाज्येष्ठता

महाराष्ट्रात २०२० ते २०२२ या काळात टाळेबंदीवरून जो सार्वजनिक वाद झाला, त्याचे वर्णन ‘जीव वाचवावा की उपजीविका’ अशा भारदस्त शब्दांत करण्याचा प्रघात पडला आहे. पण त्या वादाच्या कागदपत्रांकडे, म्हणजे शासनाच्या आदेशांकडे आणि ते आदेश बदलून घेण्यासाठी निघालेल्या निवेदनांकडे, जरा थंड डोक्याने पाहिले तर असा तात्त्विक पेच तेथे क्वचितच सापडतो. टाळेबंदी मुळातच नको असे म्हणणारे राज्यात अगदी थोडे होते. हॉटेलवाल्यांचा आक्षेप हॉटेले बंद असण्याला होता, व्यायामशाळावाल्यांचा व्यायामशाळा बंद असण्याला. शेजारच्या शटरला लागलेल्या कुलुपाबाबत मात्र दोघांचाही दृष्टिकोन अत्यंत शास्त्रीय होता. खरा वाद कुलुपे कोणत्या क्रमाने काढावीत याचा होता, आणि सरकारी कार्यालयात पदोन्नतीसाठी जशी सेवाज्येष्ठता यादी लावतात तशीच ही यादी होती: ती कोणत्या निकषावर तयार झाली हे कोणालाच सांगता येत नाही, पण आपले नाव खाली गेले आहे हे प्रत्येकाला ताबडतोब कळते.

या यादीचा कायदेशीर पाया मोठा पुरातन आहे. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम केला, जो मुळात अवघ्या चार कलमांचा होता आणि ज्याचा सारांश ‘सरकारला योग्य वाटेल ते सरकारने करावे’ एवढाच होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून लोकक्षोभ उसळला, त्या बंदोबस्ताचा प्रमुख रँड याच्यावर २२ जून रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या सुमाराच्या ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी ज्या अग्रलेखाने पुन्हा लेखणी हाती घेतली त्याचे शीर्षक ‘पुनश्च हरिः ॐ’. आता ३१ मे २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवण्याची घोषणा केली तेव्हा त्या पर्वालाही ‘पुनश्च हरिओम’ असेच म्हटले गेले. ज्या कायद्याच्या पहिल्याच वर्षी, साथीच्या बंदोबस्ताने तापलेल्या वातावरणात, संपादक तुरुंगात गेला, त्याच कायद्याखाली निर्बंध लावणाऱ्या सरकारने ते सैल करताना त्याच संपादकाचे शीर्षक उसने घ्यावे, यातली गंमत त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. सरकारी परिपत्रकात तीच घोषणा ‘मिशन बिगीन अगेन’ या नावाने देवनागरी लिपीत अवतरली, त्यामुळे टिळकांची आठवण होण्याचा धोकाही टळला.

हरिओमच्या आधी मात्र दुसरे एक मंगलाचरण होऊन गेले होते. देशव्यापी टाळेबंदीला सहा आठवडेही झाले नव्हते तोच ४ मे २०२० रोजी मद्याची दुकाने उघडली, कारण उत्पादन शुल्क, म्हणजे दारूवरील कर, हा राज्याच्या तिजोरीचा एक मोठा खांब असून त्या खांबाला कंप सुटल्याकडे राज ठाकरे यांनीही पत्र लिहून लक्ष वेधले होते. तळीरामांनी राज्याची अर्थव्यवस्था सावरण्यासाठी पहाटेपासून रांगा लावल्या आणि या देशसेवेला एवढी गर्दी झाली की मुंबईत दोनच दिवसांत दुकाने पुन्हा बंद करावी लागली, मग घरपोच सेवेची सोय झाली. याच आठवड्यात, ८ मे रोजी, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेरुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. त्यांच्यासाठी यादीत जागा नव्हती, कारण यादी कुलुपांची होती आणि त्यांच्यापाशी कुलूप लावावे असे काही नव्हते.

पुढचा क्रम अभ्यासण्याजोगा आहे. २८ जूनपासून केशकर्तनालये उघडली, पण केवळ केस कापण्यासाठी, दाढी वर्ज्य. (विषाणूचा डोक्याला विरोध नसून हनुवटीला आहे, हा निष्कर्ष नाभिक बंधूंनी निमूटपणे स्वीकारला असे नाही, पण आदेशात तसे होते.) ऑगस्टमध्ये मॉल, ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने हॉटेले आणि बार, १५ ऑक्टोबरला ग्रंथालये, दसऱ्याला व्यायामशाळा, ५ नोव्हेंबरला नाट्यगृहे व चित्रपटगृहे. बार आणि ग्रंथालय यांत दहा दिवसांचे अंतर पडल्याबद्दल कोणत्याही पक्षाने मोर्चा काढल्याचे आढळत नाही. वाचनसंस्कृतीचे उपासक मुळातच घरी बसण्याचे सरावाचे असल्याने त्यांच्यावर टाळेबंदी लागू आहे हेच प्रशासनाला उशिरा कळले असावे.

या आदेशांतून विषाणूचे जे चरित्र उभे राहते ते साथरोगशास्त्रज्ञांना अपरिचित आहे. सम-विषम नियमानुसार, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी व समोरची दुसऱ्या दिवशी उघडण्याच्या पद्धतीनुसार, तो रोज रस्ता ओलांडत असे. डिसेंबर २०२० मधील रात्रीच्या संचारबंदीवरून तो निशाचर ठरतो, तर एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ मिळाल्यावरून तो उशिरा उठणारा ठरतो. दिवसभरात विखुरलेली गिऱ्हाइके चार तासांत एका दारात गोळा झाल्याने त्याची मात्र धावपळ वाचली. मुंबईची लोकल १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना खुली झाली ती सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहाच्या कार्यालयासाठी कल्याणहून निघणाऱ्या माणसाने सातच्या आत गाडीत बसावे आणि उरलेला वेळ कार्यालयाच्या पायरीवर देशाच्या भवितव्याचा विचार करण्यात घालवावा, अशी ही योजना होती. तत्पूर्वी महिलांना लोकल खुली करण्यावरून राज्य सरकार आणि रेल्वे यांच्यात ऑक्टोबर २०२० मध्ये पत्रव्यवहार रंगला, तो चालू असताना बायका एसटीच्या आणि बेस्टच्या रांगेत उभ्या होत्या.

या सर्व वादांचा मेरुमणी म्हणजे देवळांचा वाद. २९ ऑगस्ट २०२० रोजी भारतीय जनता पक्षाने मंदिरे उघडण्यासाठी राज्यभर घंटानाद केला, ‘दार उघड उद्धवा दार उघड’ अशी हाक दिली, आणि दोनच दिवसांनी प्रकाश आंबेडकर पंढरपुरात याच मागणीसाठी उतरले. १२ ऑक्टोबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, आपण धर्मनिरपेक्ष झालात की काय अशी काळजी व्यक्त केली. ज्या राज्यघटनेची शपथ घेऊन राज्यपालपद मिळते तिच्या उद्देशिकेतला शब्द राज्यपालांनीच टोमण्यासारखा वापरावा, हे घटनेच्या अभ्यासकांना नवे होते. मुख्यमंत्र्यांनी उत्तरात आपल्या हिंदुत्वाला प्रमाणपत्राची गरज नसल्याचे कळवले. साथीचे आकडे या पत्रव्यवहारात बहुधा सोवळ्यात असल्यामुळे फारसे पुढे आले नाहीत. या प्रकरणातले खरे शास्त्रीय कुतूहल असे की, देवाच्या बाजूने मांडलेला सर्वांत बिनतोड युक्तिवाद दारूचा होता: बार उघडले, मग मंदिरे का नाहीत? भक्तीच्या इतिहासात देवाला गुत्त्याच्या दाखल्यावर प्रवेश मागण्याची वेळ यापूर्वी आली नसावी. ज्यांचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध ते वारकरी मात्र २०२० च्या आषाढीला, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपुरास निघाल्या तेव्हा, निमूटपणे घरी थांबले होते. त्यांच्या वतीने घंटा वाजवणाऱ्यांत वारी चाललेले किती होते याची गणना झालेली नाही. अखेर १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, दारे उघडली, आणि दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद झाल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये घंटेच्या जागी शंख घेऊन हाच प्रयोग नव्या संचात सादर झाला.

ही सारी थट्टा साथ खोटी होती असे सुचवण्यासाठी नाही. एप्रिल २०२१ मध्ये विवाहाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घालणारा आदेश निघाला, तेव्हा दोन तासांत मंगलाष्टके आटोपतील पण मानपान कसे आटोपावेत या चिंतेत वऱ्हाडी मंडळी होती. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकमधील महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. निर्बंध हवेच होते. ज्याला आवाज नाही त्याच्यावर ते सर्वांत जास्त काळ टिकले, एवढीच तक्रार आहे, आणि ती करताना कोणत्याही एका पक्षाला वगळण्याचे कारण दिसत नाही.

जून २०२१ मध्ये यादीला गणिताचा आधार देण्याचा प्रयत्न झाला. बाधितांचा दर, म्हणजे शंभर चाचण्यांमागे किती जण बाधित निघतात ते प्रमाण, आणि प्राणवायूच्या किती टक्के खाटा भरल्या आहेत, या दोन आकड्यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडायचे ठरले. ३ जूनला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी तसे जाहीर केले, काही तासांत सरकारने असा निर्णय झालाच नसल्याचा खुलासा केला, आणि ७ जूनपासून पाच स्तर लागू झाले. म्हणजे जे झाले नव्हते तेच झाले. दाढीच्या दिवसांपेक्षा ही पद्धत निश्चित बरी होती, पण २५ जूनला नव्या उत्परिवर्तनाच्या, म्हणजे विषाणूच्या बदललेल्या रूपाच्या, धास्तीने वरचे दोन्ही स्तर कागदावरच राहिले आणि पहिल्या स्तरात बसलेले जिल्हे एका रात्रीत तिसऱ्यात गेले.

या सगळ्यात शाळा कोठे होत्या, हा प्रश्न उरतो. १० ऑगस्ट २०२१ रोजी शालेय शिक्षण विभागाने १७ ऑगस्टपासून शाळा उघडण्याचा निर्णय काढला, आणि कृती दलाने, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने, आक्षेप घेताच तो स्थगित झाला. आक्षेपाला आधार असेल; पण तज्ज्ञांचा शब्द इतक्या तत्परतेने शिरोधार्य मानल्याची उदाहरणे बारच्या बाबतीत सहजी सापडत नाहीत. मुंबईतील पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, म्हणजे मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल शाळेचा उंबरा न ओलांडता तिसरीत पोचले होते. मुलांची संघटना नसते, मुले कर भरत नाहीत, आणि त्यांना मताधिकार मिळेपर्यंत निवडणुका दोन-तीनदा होऊन जातात. शाळेत घंटा असूनही तिचा नाद कोणी केला नाही तो यामुळेच.

तिसऱ्या लाटेत या यादीची रचना जितकी उघड दिसली तितकी आधी कधी दिसली नव्हती. ८ जानेवारी २०२२ च्या आदेशाने शाळा, व्यायामशाळा आणि सौंदर्यप्रसाधनगृहे अशी तिन्ही बंद केली, तर केशकर्तनालये निम्म्या क्षमतेने चालू ठेवली. दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारीला, सुधारित आदेश निघून व्यायामशाळा आणि सौंदर्यप्रसाधनगृहे निम्म्या क्षमतेने उघडली. डंबेल उचलणाऱ्यांना चोवीस तासांच्या आसपास जे मिळाले त्यासाठी दप्तर उचलणाऱ्यांना २४ जानेवारी उजाडावी लागली. त्यानंतर तीन दिवसांनी, २७ जानेवारीला, मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा भांडारांत वाइन विकण्यास मंजुरी दिली, आणि जवळपास दोन वर्षांनी वर्गात बसलेल्या मुलांना वाचता येते की नाही याची विचारपूस होण्याआधीच राज्यातील झाडून सारे पक्ष, वाइनला दारू म्हणावे की नाही, या प्रश्नावर आपापल्या भूमिका घेऊन उभे राहिले.