काटकसरीचा कल्याण-डोंबिवली नमुना

महापालिकेचा सर्वांत खर्चिक विभाग नगरसेवक हाच, हे सत्य कल्याण-डोंबिवलीत उशिरा का होईना उमगले. नोव्हेंबर २०२० मध्ये १२२ जणांची मुदत संपली आणि पुढली पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. निमित्त आधी करोनाचे, मग आरक्षणाच्या खटल्याचे. मार्च २०२२ पासून ठाण्यानेही १३१ जणांचा भार उतरवून हाच कित्ता गिरवला. त्या काळात आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचे, प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचे. मानधन नाही, सभात्याग नाही, चहासुद्धा एकाच कपात. जाब कोण विचारणार, असा आक्षेप निघतो खरा. पण प्रश्नच नसताना उत्तरावर खर्च कशाला? आता उरला नागरिक. रस्ते, पाणी, कचरा, सारा खर्च त्याच्यापायीच. त्याचीही मुदत एकदा संपवावी; मालमत्ता कराचे बिल तेवढे वेळेवर पाठवत राहावे.