लढाऊ विमानाचे हे नखरे!

कॅनडाच्या हवाई दलाचं काही खरं नाही, हे आता कुणीतरी तोंड उघडून बोलायलाच हवं. लढाऊ विमान म्हटलं की त्याने कसं करडं, मुकाट, ढगांत मिसळून जाणारं असावं. शत्रूच्या नजरेला पडू नये म्हणूनच तर तो फिका रंग! आणि ही मंडळी काय करतात? आपल्या सीएफ-१८ हॉर्नेटांमधलं एक चांगलं चालतं विमान बाजूला घेतात आणि उन्हाळ्यातल्या हवाई प्रदर्शनांसाठी त्याला असं नटवतात, की चष्मा घरी विसरलेल्या आजोबांनाही ते शेजारच्या गावाहून ओळखू यावं. बरं, एकदा हौस केली आणि फिटली, असंही नाही. पुढच्या हंगामाला नवा विषय, नवा साज.

हा उद्योग चालतो अल्बर्टा प्रांतातल्या कोल्ड लेकच्या तळावर. नावातच गारठा असलेलं गाव, लांबलचक हिवाळा, माणसांनी करायचं तरी काय, असं म्हणून एखाद्याने सोडून दिलं असतं. पण यात सरकारी माणसं सामील आहेत हो! विमानाचा पत्रा आणि रंगकाम सांभाळणारे ‘एअरक्राफ्ट स्ट्रक्चर्स टेक्निशियन’ मास्किंग टेप आणि स्प्रे गन घेऊन हँगरात उभे राहतात. आणि यातली कितीतरी रूपं कागदावर उतरवली ती जिम बेलिव्हो नावाच्या गृहस्थांनी. हे ४१० स्क्वाड्रनचे ग्राफिक कलाकार. नव्या वैमानिकांना हॉर्नेट चालवायला शिकवते ती ही स्क्वाड्रन. म्हणजे लढाई शिकवणाऱ्यांच्या पदरी चित्रकार! घ्या.

मग पुण्यात गणपतीआधी अमक्या मंडळाचा यंदाचा देखावा काय, यावर जशी कुजबुज चालते, तशी तिकडे सुरू होते. यंदाची थीम काय? शेपटीवर काय काढलंय? कुणी म्हणे हँगरच्या दाराच्या फटीतून पाहिलं, कुणाच्या मेव्हण्याला आधीच माहीत होतं. पडदा उघडला की निम्मे हरखतात आणि निम्मे ‘गेल्या वर्षीचंच बरं होतं’ म्हणतात.

आता विषय तरी कसे निवडावेत! २००९ साली कॅनडातल्या उड्डाणाची शंभरी होती. २३ फेब्रुवारी १९०९ ला नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक इथे गोठलेल्या पाण्यावरून ‘सिल्व्हर डार्ट’ उडालं होतं, त्याचा सोहळा. ते ठीक. पण २०१० ला? नौदलाची शताब्दी! वाढदिवस दर्यावाल्यांचा आणि नवे कपडे विमानाला. २०१८ ला तर आणखीच मौज. अमेरिका आणि कॅनडा मिळून उत्तर अमेरिकेच्या आकाशावर पहारा ठेवतात त्या ‘नोराड’ची साठी आली, म्हणून विमान दोन्ही देशांच्या दोस्तीचा रंग लावून हिंडलं. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात दोन्ही सरकारं पोलाद-ॲल्युमिनियमच्या आयातशुल्कावरून हमरीतुमरीवर आली होती. खाली भांडण, वर गळ्यात गळा.

२०१७ ला देशाला दीडशे वर्षं झाली, तेव्हा विमान लाल-पांढरं आणि त्यावर मेपलची पानं. त्याबद्दल बोलायला नको, आपल्याकडेही तिरंग्याच्या नावावर काय काय रंगवतात ते आपण पाहतोच.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो २०१६ च्या विमानाने. पिवळं. हळदीत बुडवून काढल्यासारखं नखशिखान्त पिवळं लढाऊ विमान! चौकशी केली तेव्हा कळलं की दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने राष्ट्रकुलातल्या देशांसाठी वैमानिक घडवण्याचा प्रचंड कारखाना काढला होता. डिसेंबर १९३९ मध्ये करार झाला आणि युद्ध संपेपर्यंत वैमानिक, नॅव्हिगेटर, तोफची असे १,३१,५५३ लोक तिथून बाहेर पडले. शिकाऊ हातांतली ती हार्वर्ड विमानं मुद्दाम पिवळी ठेवलेली असत, म्हणजे आकाशात लांबूनच दिसावं की येतोय तो नवशिका आहे, जरा जपून. त्यांची आठवण म्हणून हा पिवळा अंगरखा.

इथे माझ्या तक्रारीला पहिली चीर गेली. दुसरी गेली २०१९ ला. नॉर्मंडीच्या चढाईची ७५ वर्षं होती, तेव्हा विमानावर काळे-पांढरे जाड पट्टे आले. मी म्हटलं, हा काय झेब्रा! तर तेही पट्टे जुनेच. ६ जून १९४४ च्या आदल्या एक-दोन दिवसांत दोस्त राष्ट्रांच्या हजारो विमानांवर ते घाईघाईने मारले गेले. हाताला येईल त्या ब्रशाने मारले, म्हणून जुन्या फोटोंत कितीतरी पट्टे वाकडेतिकडे दिसतात. कारण काय, तर आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालू नयेत. म्हणजे विमान उठून दिसावं म्हणून रंगवणं हे चैनीचं काम नव्हतं, जीव वाचवायचं होतं. २०१५ ला ब्रिटनच्या लढाईची पंच्याहत्तरी झाली तेव्हाचं हिरव्या-तपकिरी छटांचं रूपही असंच. त्यावरची ‘वायओ’ ही अक्षरं १९४० साली हरिकेन विमानं घेऊन इंग्लंडात लढलेल्या कॅनेडियन स्क्वाड्रनची.

आणि खरी लबाडी तर त्या करड्या, सभ्य दिसणाऱ्या हॉर्नेटांच्या पोटाखाली आहे! प्रदर्शनाचं विमान राहू द्या, कॅनडाच्या नेहमीच्या लढाऊ हॉर्नेटच्या खालच्या बाजूला, बरोबर कॉकपिटच्या खाली, गडद रंगात एक खोटं कॉकपिट रंगवलेलं असतं. समोरासमोरच्या झटापटीत विमान कलंडलं की शत्रूला क्षणभर कळू नये, याची पाठ कुठली आणि पोट कुठलं, हे आपल्याकडे वळतंय की दूर जातंय. ही कल्पना कीथ फेरिस या अमेरिकी विमान-चित्रकाराची. म्हणजे सगळ्या देशाने ‘साधं’ म्हणून ज्याची वाखाणणी करावी ते विमान पोटावर खोटा चेहरा काढून फिरतंय, आणि शेपटीवर मेपलचं पान काढलेलं तेवढं आम्ही नखरेल ठरवायचं.

नावांचा तर वेगळाच तमाशा. जगभर ज्याला सीएफ-१८ म्हणतात त्याला कॅनडाच्या दफ्तरात सीएफ-१८८ म्हणतात. पहिल्या विमानाचा क्रमांकच १८८९०१. आधीच्या सीएफ-५ चंही तसंच, कागदावर ते सीएफ-११६, पण त्या नावाने त्याला हाक कुणी मारली असेल तर शपथ. प्रदर्शनात हॉर्नेट उडवणाऱ्या वैमानिकांची टोपणनावं त्याहून बेफाम. २०१६ चे कॅप्टन रायन कीन यांचं ‘रॉइड’, २०१७ चे मॅथ्यू कुट्रिक यांचं ‘ग्लिब’, २०१८ चे स्टेफान पोर्टियस यांचं चक्क ‘पोर्सेलिन’, चिनीमाती! ही नावं आपली आपण घ्यायची नसतात, स्क्वाड्रनचे सोबती देतात, आणि ती देताना कुणाची कुठली फजिती लक्षात राहिली असेल ते सांगता येत नाही. दुसरीकडे मूस जॉ इथल्या हवाई तळावरच्या, नऊ विमानांनी कसरती करणाऱ्या चमूचं ‘स्नोबर्ड्स’ हे नाव तळावरच्या शाळेत १९७१ साली स्पर्धा घेऊन शाळकरी मुलांकडून सुचवून घेतलं. पन्नास वर्षं उलटली तरी ते टिकून आहे. पोरांना हे जमलं, मोठ्यांनी चिनीमाती काढली.

आणि शौकीन! मिसिसागाला आमची मावसबहीण राहते. तिचा मुलगा लेबर डेच्या सुट्टीत टोरांटोच्या तलावाकाठी कॅमेऱ्याची ती भली थोरली नळी लावून उभा असतो. फोनवर ती म्हणाली, “अगं, निम्मं शहर आवाजाने वैतागून तक्रारी करतंय आणि आमचे चिरंजीव म्हणतात, आई, आज हवेत दमटपणा आहे, पंखांवर वाफ छान येईल!” त्याला विचारलं तर तो समजावून सांगतो. हॉर्नेटला शेपट्या दोन, त्याही बाहेरच्या बाजूला कललेल्या. म्हणजे रंगवायला चार पृष्ठभाग. बाहेरच्या बाजू जमिनीवरून दिसतात, आतल्या दिसतात ते विमान आपल्याकडे पाठ कलंडवत वळणावरून जातं तेव्हा. त्या फेरीला ‘फोटो पास’च म्हणतात. वैमानिक पाठीवरचं चित्र लोकांना दाखवत जातो, आणि तीन-चार सेकंदांत ज्याने टिपलं त्याने टिपलं. मग हिवाळाभर हा मुलगा चिमट्याने प्लॅस्टिकच्या १/४८ मापाच्या मॉडेलवर तीच पानं चिकटवत बसतो. एक पान तिरकं बसलं तर जेवण नाही.

यात धोका नाही असं कुणी समजू नये. २३ जुलै २०१० ला लेथब्रिजच्या प्रदर्शनाच्या सरावात, जमिनीलगत संथ उडताना हॉर्नेटच्या एका इंजिनाने दगा दिला. कॅप्टन ब्रायन ब्यूज अगदी शेवटच्या घटकेला आसनासकट बाहेर फेकले गेले आणि वाचले, विमान जळून गेलं.

पैशाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की ही खोड आजची नाही. १९५९ साली याच हवाई दलाने सेबर विमानांना सोनेरी रंग देऊन ‘गोल्डन हॉक्स’ उडवले होते. १९६४ ला खर्चाची सबब सांगून तो चमू मोडला. लोक अजून त्याच्या आठवणी काढतात. वाचलेल्या पैशांचं काय झालं, हे मात्र कुणाला आठवत नाही.

२०२३ च्या जानेवारीत कॅनडाने ८८ एफ-३५ विमानं घ्यायचं जाहीर केलं. त्यांची कातडीच रडार चुकवणाऱ्या लेपाची, तिथे हवा तसा स्प्रे मारून चालत नाही. तेव्हा उन्हाळ्यात कुणी तिकडे लेकीकडे, भाच्याकडे जाणार असाल तर हॉर्नेट उडतंय तोवर जाऊन या. कानात कापूस घाला, नजर शेपटीवर ठेवा, आणि यंदा काय काढलंय ते मला तेवढं आधी कळवा.