सूनबाईंचे पुनर्शिक्षण आणि घराचे लेखापरीक्षण

तीर्थरूप आई व बाबा यांच्या चरणी एडिसन, न्यू जर्सी येथील कुटुंबाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सूनबाईंनी चाळिशी उलटल्यावर कम्युनिटी कॉलेजात नाव घातल्याचे वृत्त आत्याबाईंमार्फत तिकडे पोहोचले असून, त्यामुळे चिरंजीवांच्या जेवणाची आबाळ होत असावी अशी शंका फोनवर वारंवार व्यक्त झाल्याने, या विषयाचे साधार विवेचन करणे अगत्याचे झाले आहे.

कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांच्या ‘असोसिएट’ पदवीपर्यंत शिकवणारी सार्वजनिक संस्था होय. तेथे वयाची आडकाठी नसते, वर्ग संध्याकाळीही भरतात आणि तेथे मिळवलेले क्रेडिट, म्हणजे साधारणतः एका सत्रात आठवड्याला एक तास या हिशेबाने मोजलेले अध्ययन, पुढे विद्यापीठात बहुधा वळते करता येते. सूनबाई पुण्याच्या बी.कॉम. असूनही हा खटाटोप का, याचे उत्तर असे की येथील मूल्यमापनात तीन वर्षांची पदवी चार वर्षांच्या पदवीइतकी सहसा धरली जात नाही आणि सीपीए, म्हणजे अमेरिकेतील सनदी लेखापाल, होण्यास परंपरेने १५० क्रेडिट लागतात. त्यावर चार भागांची परीक्षा असून, २०२४ पासून त्यांपैकी तीन सर्वांना समान व चौथा आपल्या निवडीचा असतो. उत्तीर्ण होण्यास प्रत्येकात ७५ गुण हवेत. सूनबाई ज्या एच-४ या आश्रित व्हिसावर येथे आल्या, त्यावर शिकण्यास मुभा असली तरी नोकरीचा परवाना २०१५ पासून, तोही ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच मिळतो. त्यामुळे येथे आल्यापासून कॉलेजात जाईपर्यंतची वर्षे आळसात गेली, हा आत्याबाईंचा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही.

या अध्ययनाचे गृहव्यवस्थेवरील परिणाम दूरगामी आहेत. प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे व दुसऱ्यात जमा मांडणारी जी द्विनोंदी पद्धत लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापून प्रसिद्ध केली, ती आता एडिसनच्या स्वयंपाकघरातही लागू झाली आहे. वापराने व काळाने मालमत्तेचे मूल्य उतरते, त्यास घसारा म्हणतात. चिरंजीवांच्या ट्रेडमिलवर तो दरवर्षी आकारला जात असून, त्यावर कपडे वाळत असल्यामुळे यंत्र वापरात आहे, हा चिरंजीवांचा युक्तिवाद ग्राह्य धरण्यात आला आहे. धाकट्या मामांस दिलेली उसनवारी मात्र संशयित कर्जांत वर्ग झाली असून, हे त्यांना कळवू नये. जेवणाविषयी म्हणावे तर वर्गाच्या दिवशी चिरंजीव स्वतः खिचडी करतात आणि तिची गणना अद्याप मत्तेत झालेली नाही.

दरम्यान सूनबाईंस एका कार्यालयात ‘अकाउंट्स पेएबल’ विभागात, म्हणजे पुरवठादारांची बिले तपासून चुकती करण्याचे, काम मिळाले असून, भाजीवाल्याशी हुज्जत घालण्यात मुरलेली नजर तेथे पुस्तकी ज्ञानाइतकीच उपयोगी पडते, असे दिसून आले आहे. प्रौढ विद्यार्थ्यास हे भांडवल आयते मिळते. म्हणून ‘या वयात कशाला?’ हा प्रश्नच मुळात चुकीच्या खात्यात टाकलेला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेत करनिवासी असलेल्या व्यक्तीच्या परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेल्यास ‘एफबार’ नावाचे विवरण भरावे लागते आणि त्यात संयुक्त खातीही येतात. बाबांनी मायेपोटी चिरंजीवांचे नाव जोडलेल्या सर्व मुदत ठेवी यामुळे सूनबाईंच्या दृष्टिपथात आल्या आहेत. भारतातील आर्थिक वर्ष एप्रिलला व येथील करवर्ष जानेवारीला सुरू होत असल्याने बँकेचा नेहमीचा व्याजाचा दाखला येथे अपुरा पडतो. तरी बाबांनी जानेवारी ते डिसेंबरचे खातेउतारे, आईंनी डब्यात ठेवलेल्या पावत्यांसह, १५ एप्रिलपूर्वी पोहोचतील असे पाठवावेत. कळावे, लोभ असावा. उताऱ्यांवर बँकेचा शिक्काही असावा, ही विनंती.